सहा रॅग आणि सातवा अर्धा

“मोटर न्यूरॉन डिसीज,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. हात, पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बरं करणारं औषध नाही. वेग थोडा कमी करणारी गोळी आहे, ती सुरू करू.”

माझ्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, किती दिवस उरलेत हे विचारलं नाही. त्यानं विचारलं, “उजवा हात किती टिकेल?”

डॉक्टर इजिप्तच्या होत्या. त्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही. मला कळला.

श्रीरंग आखातातल्या दुखानच्या तेलक्षेत्रात मेंटेनन्स इंजिनिअर होता, आणि घरी रॅगटाइम रचायचा. रॅगटाइम म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी घडवलेलं पियानोसंगीत. त्यात डावा हात ठेका सोडत नाही आणि उजवा त्या ठेक्याला चकवत पुढे पळतो. “डावा संसार करतो, उजवा हुंदडतो,” असं तो पाहुण्यांना समजावायचा.

श्रीरंग शिकला त्या नगरच्या मिशन शाळेत प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक पियानो होता. तिथले सर शनिवारी शाळा सुटली की स्वतःच्या आनंदासाठी रॅग वाजवत. हा बाहेर पायरीवर बसून ऐकायचा आणि सर गेले की तेच वाजवून बघायचा. नोटेशन कधी शिकलाच नाही. दुखानच्या वसाहतीत एक ब्रिटिश कुटुंब परत जाताना त्यांचा पियानो आमच्याकडे आला, आणि पंधरा वर्षांत त्यानं स्वतःचे नऊ रॅग रचले. सगळे डोक्यात. लिहून ठेव म्हटलं की म्हणायचा, “मी आहे ना!”

आधी डाव्या हाताची करंगळी घसरायला लागली. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याचे खालचे सूर दोनदा चुकले. टाळ्या पडल्याच, पण मी भांडी घासताना ते सूर वर्षानुवर्षं ऐकले होते. मग शर्टाची बटणं लागेनात. मानेचा त्रास असेल म्हणून फिजिओथेरपी झाली, एमआरआय झाला. दंडाची कातडी आतून फडफडायला लागली तेव्हा ईएमजी केली. यात स्नायूत बारीक सुई घालून त्यातली वीज मोजतात. श्रीरंग सुईकडे न बघता यंत्रातून येणारी खरखर ऐकत होता.

निदानानंतर त्याची नोकरी सुटली. मी शाळेत शिकवत होते, त्याचा व्हिसा माझ्या नोकरीवर निघाला. हॉस्पिटल जवळ हवं म्हणून आम्ही शहरात, अल सद्दला फ्लॅट घेतला. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला, इराला, तिच्या खोलीएवढीच जागा पियानोला दिलेली बघून राग आला.

मी मात्र ते रॅग वाचवायला पिसाटले होते. पाहुण्यांच्या मोबाइलवर काही तुकडे सापडले. त्यात गप्पा होत्या, ताटांचे आवाज होते, रॅग कुठेच पुरा नव्हता. उजवा हात अजून चालत होता, तो एकेक रॅग घेऊन मी फोनवर रेकॉर्ड करायला लागले. डावा त्यानं गाऊन दाखवायचा आणि मी लिहायचा, असं ठरलं. मला पाश्चात्य नोटेशन येत नाही. लहानपणी हार्मोनियमच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून मी सारेगम मांडलं. मात्रा आखल्या, खाली डावा, वर उजवा. पहिला रॅग उतरवायला तीन आठवडे लागले.

पाचव्या रॅगपर्यंत उजवा हातही गेला, मग दोन्ही तो गाऊनच दाखवायचा. सहाव्याच्या वेळी जीभ जड झाली. मी घड्याळ लावून बसायचे. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी वही. तो थकून डोळे मिटायचा आणि मी म्हणायचे, “एवढी एक ओळ, श्रीरंग.”

“आई, लीव्ह हिम अलोन,” इरा एकदा दारातून ओरडली. “ही इज नॉट युअर होमवर्क!”

मी तिला बाहेर जायला सांगितलं. आज ते आठवलं की मान खाली जाते.

एका दुपारी मी त्याला खिमट भरवत होते. सातव्या रॅगचा दुसरा भाग अर्धा राहिला होता. प्रत्येक रॅगचे चार भाग असत. मी विचारलं, “इथे खाली पंचम का धैवत?” त्यानं घास तोंडात असतानाच गाऊन दाखवायचा प्रयत्न केला. घास श्वासनलिकेत गेला. तो निळा पडला. इरानं अँब्युलन्स बोलावली, माझ्या हातातून चमचा सुटत नव्हता.

ॲस्पिरेशन न्यूमोनिया झाला. अन्न फुफ्फुसात गेल्यामुळे होणारा संसर्ग तो. अकरा दिवस आयसीयू. बाहेरच्या खुर्च्यांवर माझ्याशेजारी रत्नागिरीच्या एक बाई बसायच्या, त्यांचे भाऊ आत होते. त्यांनी मला जबरदस्तीनं चहा पाजला. मी त्यांना म्हटलं, “मीच केलं हे.” त्या म्हणाल्या, “आता रडून घ्या. आत जाल तेव्हा त्यांच्यापुढं नको.”

तो वाचला, पण आवाज गेला. नळीनं जेवण, मुखवट्यातून हवा देणारं बायपॅप मशीन, आणि बोलायला फक्त डोळे. स्पीच थेरपिस्टनं, एका शांत फिलिपिनो मुलीनं, अक्षरांचा तक्ता आणला. आपण इंग्रजी अक्षरांवर एकेक करून बोट ठेवायचं, हवं ते अक्षर आलं की रुग्ण पापणी मिटतो. एक वाक्य व्हायला दहा मिनिटं लागत.

आणि मी काय केलं? दुसऱ्याच दिवशी बारा स्वरांचा तक्ता करून घेऊन गेले. सातवा रॅग पुरा करायचा होता, पुढचे दोन तर वहीत आलेच नव्हते. मी सा वर बोट ठेवलं, रे वर ठेवलं. तो बघत राहिला. पापणी मिटली नाही. पुन्हा सगळे स्वर फिरवले. नाही. मला रडू फुटायला लागलं, तरी बोट फिरतच होतं.

इरा पलीकडून उठली. तिनं माझा तक्ता बाजूला ठेवला आणि अक्षरांचा तक्ता त्याच्यासमोर धरला. “बाबा, से इट.”

एकेक अक्षर ती मोठ्यानं बोलत गेली. टी. यू. बी. ए. एस.

“तू बस,” मी वाचलं.

मला वाटलं, तो मला थांबवतोय. तुझं पुरे झालं, खलास. त्यात त्याचं काय चुकलं होतं? मी वही पिशवीत टाकली, पदर सारखा केला आणि जायला निघाले. त्याचे डोळे माझ्यामागे वेड्यासारखे हलत होते. मशीनचा अलार्म वाजला.

“आई!” इरानं माझा दंड धरला. घरात मराठीत उत्तर न देणारी माझी मुलगी मराठीत म्हणाली, “तो म्हणतो, बस. खाली बस. त्याच्याजवळ.”

मी बसले. त्यानं पापणी मिटली.

त्यानंतर तो एकोणीस दिवस होता. मी वही नेली नाही. शाळा सुटली की जाऊन त्याच्या पलंगाशी बसायचे, त्याचा निर्जीव हात मांडीवर घ्यायचे. कधी इरा यायची. एकदा आम्ही तिघांनी मिळून खिडकीबाहेरची एक क्रेन पूर्ण दुपारभर पाहिली. त्या दिवसांत मला किती सुख झालं हे सांगायची लाज वाटते.

सहा रॅग पूर्ण आहेत, सातवा अर्धा. आठवा आणि नववा त्याच्याबरोबर गेले. सारेगमवरून पियानोच्या नोटेशनमध्ये उतरवायचं काम इराच्या संगीतशिक्षिकेनं हाती घेतलंय. सातव्याचं काय करायचं असं तिनं विचारलं. मी सांगितलं, जिथे थांबलाय तिथेच थांबू दे.

तुमच्या घरी हा आजार आला, तर अक्षरांचा तक्ता लवकर मागून घ्या. आवाज असेपर्यंत तो रेकॉर्ड करा. घास तोंडात असताना काही विचारू नका. आणि आपल्या माणसाकडून काय काय वाचवायचं याची यादी तुम्ही कराल, मीही केली होती. पण रोज थोडा वेळ ती यादी बाहेर ठेवून आत जा. मला तो वेळ शेवटी मिळाला. तुम्हाला तो आधीच मिळो.