चौथ्या मजल्यावरच्या बाईंचं अंदमान

आमच्या नोएडाच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाई बहुतेक वाक्यं 'बस' म्हणून संपवतात. अंदमानला जाऊन समुद्रातले मासे बघायचे, म्हणून साठीनंतर त्या पोहायला शिकल्या. रोज सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये माझ्या शेजारी तोंडात नळी धरून, पाण्यात चेहरा बुडवून श्वासाचा सराव करतात.

रविवारी त्यांचा मुलगा पूलच्या काठाशी येऊन म्हणाला, "आई, हे वय आहे का? हरिद्वारला नेतो, तिथे मार डुबकी."

"तिथे घाटावरची साखळी धरून, डोळे मिटून मारायची. मला मासे बघायचेत. बस."

"मी नाही जाऊ देणार."

त्यांनी पोहायचा चष्मा चढवला, नळी दातांत धरली आणि खुशाल पालथ्या तरंगत राहिल्या. तो बूट सांभाळत ताटकळला.

सावकाश वर येऊन त्यांनी विचारलं, "तिकीट काढलंय. एअरपोर्टला सोडतोस, की टॅक्सी बोलवू?"