तांब्यातली सळई

माझ्या घराच्या मागच्या दाराला अडसर म्हणून एक लोखंडी सळई आहे. तिचं एक टोक झिजून बारीक झालंय आणि तांबूस दिसतं. ही सळई मी प्रयोगशाळेतून चोरून आणली आहे, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

पन्नासच्या दशकात मी चिंचवडहून सायकलीने दिघीजवळच्या एका प्रयोगशाळेत कामाला जायचो. वडील तांबट, म्हणून मला तिथे भट्टीवर घेतलं होतं. अतिशुद्ध तांबं मुशीत वितळवायचं, त्यात मँगनीजची जेमतेम चिमूट टाकायची आणि बोटाएवढी कांब ओतायची. तुलनेसाठी नुसत्या तांब्याचीही एक कांब करायची. दोन्ही कांबी दिल्लीला जात, कारण द्रवरूप हेलियम तिथे मिळे. तिथे त्या इतक्या गार करत की आपल्या पुसातल्या थंडीने त्यांच्यापुढे हात टेकावेत. मग कांब किंचितशी तापवायला किती उष्णता लागते ते मोजत. नुसत्या तांब्याचा आलेख गुळगुळीत येई. चिमूटभर मँगनीज असलं की तांबं जास्त उष्णता पिई आणि आलेखाला कुबड येई. ते कुबड का येतं यावर मोठी माणसं भांडत. माझ्या अंगावर एवढंच होतं, की नुसतं तांबं नुसतंच राहिलं पाहिजे.

एकदा नुसतं तांबं वितळत असताना ढवळायची क्वार्ट्झची कांडी मोडली. आमचे साहेब शेजारीच उभे होते. पार्सल संध्याकाळच्या गाडीने जायचं होतं. त्यांनी भिंतीला टेकवलेली लोखंडी सळई उचलली आणि स्वतःच ढवळायला लागले.

मी म्हणालो, "साहेब, लोखंड नको. तांबं लोखंड खातं. नवी कांडी येऊ द्या."

मान वर न करता ते म्हणाले, "ते तुझ्या बापाच्या भट्टीवर सांग."

दीड महिन्याने दिल्लीचं पत्र आलं. नुसत्या तांब्यालाही कुबड आलं होतं; विरघळलेल्या लोखंडाने मँगनीजचंच काम केलं होतं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "तांबटाचा हात शेवटी तांबटाचाच. घाण केलीस!" चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. त्या दिवसापासून माझी भट्टी गेली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेजाबाने काचेची भांडी धुवायचं काम आलं. बोटं पिवळी पडली. घरी वडिलांनी बोटं पाहून विचारलं, "भट्टी सुटली व्हय रं?" मी "व्हय" म्हणालो. ते ताटावरून उठून गेले. त्या उठण्याचा डूख मी साहेबांवर धरला.

तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. सळई मी शेडमध्ये गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. शिवाय साहेबांना एक खोड होती: भट्टीवर जे जे होईल ते तिथेच उभ्या उभ्या वहीत लिहायचं. त्या दिवशी काय लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं होतं. पण बोललो असतो तर कुणासमोर? चार कारकुनांसमोर? त्यांनी ते सहज दाबलं असतं. मी काचा धूत राहिलो आणि वाट पाहत राहिलो.

पावसाळा संपल्यावर दिल्लीची माणसं काम पाहायला आली. कांब का बिघडली हे सांगताना साहेबांना पुरावा म्हणून मीच आठवलो. मला शेडमधून बोलावून घेतलं. "हाच तो," ते म्हणाले.

मी सळई घेऊनच आलो होतो. ती मी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "साहेबांच्या वहीत त्या दिवसाचं पान वाचा." पाहुण्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी वही मागितली आणि मोठ्याने वाचलं: कांडी मोडली, दोन मिनिटं लोखंडी सळईने ढवळलं. अक्षर साहेबांचं, खाली सही साहेबांची. मग त्या गृहस्थांनी सळईच्या तांबूस टोकावरून अंगठा फिरवला.

"एवढं हेलियम आम्ही ह्याच्यासाठी उडवलं?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला. मी तो डोळे भरून पाहिला.

संध्याकाळी साहेब शेडच्या दारात आले. "तू तेव्हाच का बोलला नाहीस?"

"बोललो होतो, साहेब. तुम्हीच म्हणालात, बापाच्या भट्टीवर सांग. तिथे सांगितलं. वडिलांना लगेच पटलं."

पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि मला भट्टी परत मिळाली. मी नव्याने ओतलेल्या कांबीचा आलेख उन्हाळ्यात दिल्लीहून आला. रेघ गुळगुळीत होती, कुबड नव्हतं. घरी वडिलांनी ती बोटाने चाचपून पाहिली आणि रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मलाही आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण खरं सांगतो, त्या रेघेपेक्षा मला साहेबांचा तो चेहरा जास्त आवडला होता.