पुढच्या सीटवरचा रुमाल

घनसावंगीच्या स्टँडवर शिवाजीभाऊंनी आपल्या काळीपिवळी जीपच्या पुढच्या सीटवर रुमाल टाकून लेकीसाठी जागा धरून ठेवली होती. पायल जालन्याला आणि तिथून पुण्याला निघाली होती, तीही कायमची. गावातून काम करायची मुभा कंपनीतल्या तृप्ती मॅडमनी दिली खरी, पण "अडचणीच्या वेळी माणूस समोर लागतं" म्हणून परत बोलावून घेतलं. पायलला जायचं नव्हतं. आई प्रभावती बॅगेत भरलेले कपडे पुन्हा पुन्हा बाहेर काढत होती, यावरून काय ते समजा.

घरून निघताना बॅग उचलणार तोच फोन वाजला. दवाखान्यांचे तपासणी अहवाल सांभाळणारी कंपनीची यंत्रणा बंद पडली होती. एकमेकांना जोडून चालणाऱ्या सर्व्हरांच्या क्लस्टरमधल्या एकानं मान टाकली होती. त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे कंटेनर, शेजारच्या सर्व्हरवर आपोआप उभा राहू पाहत होता, पण सगळे अहवाल ज्या क्लाउडवरच्या डिस्कमध्ये, ती डिस्कच त्याला जोडली जाईना. पायलनं तिथंच बसकण मारून लॅपटॉप उघडला. कंटेनर पाडला, पुन्हा उभा केला. पुन्हा तेच रडगाणं, डिस्क आधीच दुसरीकडे जोडलेली आहे म्हणे.

पायलला एकदम हुरूप चढला. जुना सर्व्हर गेला, पण डिस्कवर त्याचा रुमाल तसाच पडून होता.

"जबरदस्तीनं सोडव ती डिस्क," फोनवर मॅडम म्हणाल्या. "जुना सर्व्हर बंद पडलाय ना?"

"दिसत नाहीये, मॅडम. बंद आहे की नाही ते बघते."

काळीपिवळीत वाढलेल्या पोरीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. रुमाल उचलण्याआधी 'कोणाचा हाय?' अशी हाळी द्यायची. नाहीतर धनी टपरीवरून चहा पिऊन येतो आणि दोघं एकाच सीटवर बसायला बघतात.

तिनं क्लाउडच्या बाजूनं थेट जुन्या सर्व्हरला हाळी दिली, आणि त्यानं ओ दिली.

"मॅडम, जिवंत आहे तो. क्लस्टरशी संपर्क तेवढा तुटलाय. डिस्कवर अजून अहवाल लिहितोय."

डिस्क तशीच ओढून काढली असती तर अर्धवट लिहिलेल्या अहवालांचा पार चुथडा झाला असता. पायलनं जुन्या सर्व्हरचं लिहिणं पुरं होऊ दिलं, त्याला रीतसर बंद केलं, मगच डिस्क सोडवली. नवा कंटेनर उभा राहिला. अहवाल उघडले, सगळेच्या सगळे.

"आत्ता आहेस कुठे तू?" मॅडमनी विचारलं.

"घरीच. घनसावंगीत."

"मग तिथंच राहा. अडचणीच्या वेळी तिथूनही भागतंय."

पायल स्टँडवर पळतच गेली. गाडी भरली होती, फक्त पुढची सीट रिकामी होती. जागा न मिळालेल्या गावातल्या साळूबाई पिशव्या घेऊन खाली ताटकळत होत्या.

"जल्दी बस," शिवाजीभाऊ म्हणाले. "अन् बॅग कुठंय?"

"पप्पा, हा रुमाल कोणाचा हाय?"

"तुझाच की."

"मंग साळूबाईला बसवा. मी न्हाई जात."

शिवाजीभाऊंनी रुमाल उचलला आणि खिशात ठेवायच्या आधी त्यानंच डोळे पुसले.