सावकाश वाजवलेलं वरातीचं गाणं

श्रीरामपुरात आमच्या शेजारी बँडमधले एक क्लॅरिनेटवाले राहतात. बोलणं कमी, आणि बोलण्याआधी ओठ पुसायची सवय. प्रत्येक वरातीत त्यांना तेच एक नाचाचं गाणं वाजवावं लागतं. "कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं. ओठ पुसून म्हणाले, "गानं चांगलं हाय, सर. लोकं त्येला लई पळवत्यात."

माझ्या मुलीच्या पाठवणीला बाकीचा बँड थांबला, तेव्हा त्यांनी एकट्यानं तेच गाणं अगदी सावकाश वाजवलं. ऐकून ऐकून कान किटले होते, तरी त्यात माहेर सोडणाऱ्या मुलीचे शब्द आहेत, हे मला तेव्हा कळलं. सकाळपासून कामांच्या आडून तोंड चुकवणारा मी मुलीजवळ गेलो. तिनं माझा हात धरला. गाणं संपेपर्यंत ड्रायव्हरनंही गाडी सुरू केली नाही.