रालित्साच्या घरातलं पाणी

नोव्हेंबर उजाडला की अर्धं गाव नेवेनाच्या हवाली होई. कुणी जर्मनीत कामाला, कुणी इटलीत. जाताना घराची किल्ली तिच्या हातात ठेवून जायचे. उमेदीत ती पाणीखात्यात मीटर वाचायची, त्यामुळे कुणाचा कॉक कुठल्या खड्ड्यात आहे, पाइप कुठल्या भिंतीतून वळतो, हे तिला पाठ होतं. रोदोपीच्या डोंगरात बर्फ पडायच्या आत ती घरोघर जाई, कॉक बंद करी, पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून सगळ्या तोट्या उघडून ते रिकामे करी, उघड्यावरच्या पाइपांना जुन्या कांबळ्यांचे तुकडे गुंडाळी. निघताना मीटरमधलं बारीक लाल चक्र बघे. तोट्या उघड्या असून चक्र हलत नसेल, तर कॉक पक्का बसला.

एका घराचं पाणी मात्र ती काढत नसे. ते तिच्या अंगणापलीकडचं, तिच्या लेकीचं, रालित्साचं घर. नेवेनाचा नवरा स्तामेन गवंडी. लेक लग्न होऊन व्हॅलेन्सियाला कामाला गेली, तेव्हा ती परतल्यावर राहील म्हणून त्यानं ते बांधलं. भांडी घासताना डोंगर दिसायला हवा, असं रालित्सा एकदा म्हणाली होती. म्हणून त्यानं ओट्यावरची मोरी उत्तरेच्या खिडकीखाली घेतली. पाइप गोठेल म्हणून सगळ्यांनी वेड्यात काढलं, तरी त्यानं भिंतीत मेंढीची लोकर ठासून भरली आणि पाइप तिथूनच नेला. घर पुरं झालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला.

पाणी काढलेलं घर म्हणजे माणसं न येणारं घर, असं नेवेनाच्या मनानं घेतलं होतं. म्हणून हिवाळाभर रोज सकाळी ती तिथली लोखंडी शेगडी पेटवी, पाणी गोठू नये म्हणून मोरीची तोटी बारीक धारेनं चालू ठेवी आणि नातवाच्या पलंगावरची चादर झटकी. पलंग लहान मुलाचा होता. नातू एव्हाना दाढी करायला लागला होता.

त्या वर्षी रालित्सानं नाताळाला नक्की येतो म्हणून सांगितलं. नेवेनानं भोपळा भरलेली पापुद्र्यांची बानित्सा लाटली, लोणच्याच्या कोबीचं पिंप उघडलं. आदल्या दिवशी फोन आला. जावयाला रजा मिळाली नव्हती, ईस्टरला बघू. बानित्सा शेजारच्या गेल्यूनं खाल्ली. शेगडी पेटतच राहिली.

फेब्रुवारीत लाकडं नेताना नेवेना अंगणातल्या बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. गेल्यूनं तिला गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. खाटेशी बसून तो हळूच म्हणाला, "पोरीच्या घराचं पाणी काढून टाकतो मी. गारठा वाढणार आहे."

"नाही," नेवेना म्हणाली. "तेवढी शेगडी पेटव. जमेल ना?"

"अगं, कुणासाठी पण?"

"माणसं येणार आहेत तिथं, गेल्यू."

त्यानं मान डोलावली. काही दिवस इमानानं पेटवलीही. मग त्यालाच तापानं धरलं आणि तो अंथरुणाला खिळला. बाहेर दगड तडकतील असा गारठा पडला.

नेवेना काठीवर घरी आली तेव्हा बर्फ वितळायला लागला होता. फाटकाशी आल्या आल्या तिला लेकीच्या मीटरच्या खड्ड्यातून घरघर ऐकू आली. बरा होऊन तिला घेऊन आलेल्या गेल्यूला तिनं झाकण उचलायला लावलं. लाल चक्र डोळ्याला दिसेना, इतकं भरभर फिरत होतं. तिनं कॉक बंद करायला लावला आणि लेकीच्या घराचं दार ढकललं. गोठताना फुटलेला पाइप आतला बर्फ वितळल्यावर मोकळा सुटला होता. उत्तरेच्या भिंतीचा गिलावा पडला होता, भिजलेली लोकर गोळे होऊन जमिनीवर आली होती. फळ्या फुगून वर आल्या होत्या. पलंगाचं लाकूड काळं पडलं होतं.

गेल्यू टोपी काढून उंबऱ्यात उभा राहिला. माझी चूक, म्हणाला.

लेकीला तिनं लगेच कळवलं नाही. शेगडी पेटवून ती भिंत वाळवत बसली, लोकर धुऊन दोरीवर टाकली. रविवारी रालित्साचा फोन आला तेव्हा मात्र सांगून टाकलं. गवंडी बोलावते, ईस्टरपर्यंत होईल सगळं, म्हणाली.

"आई, दुरुस्ती नको करूस," रालित्सा म्हणाली. "आम्ही इथं घर घेतलंय. घेऊन झाली दोन-तीन वर्षं."

नेवेना काठीच्या मुठीकडे बघत राहिली.

"सांगणार होते गं. पण फोन केला की तू म्हणायचीस, आत्ताच तुझी शेगडी पेटवून आले. मग जीभच उचलत नसे." ती रडत होती.

आईनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "मोरीला खिडकी आहे का तिथं?"

"आहे. समोर दुसरी इमारत आहे."

"आणि पाइप?"

"इथं नाही गोठत पाइप, आई."

"मग बरं आहे," नेवेना म्हणाली आणि जावयाची, नातवाची विचारपूस करून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पाना घेऊन लेकीच्या घरी गेली. खाली बसता येत नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून एकेक तोटी उघडली. पाइपात राहिलेलं पाणी थोडा वेळ गळलं, मग नुसती हवा फुसफुसली. स्तामेनच्या दफनाला कोरड्या डोळ्यांनी उभी राहिलेली ती बाई मोरीच्या काठावर कपाळ टेकून हमसून रडली. गेल्यू आत आला, तिच्या हातातला पाना त्यानं काढून घेतला आणि तिचं रडून होईपर्यंत शेजारी उभा राहिला.