मंदाकाकूंचं घर बंद पडलेलं नाही!

अमेरिकेत, आमच्या शुगर लँडमध्ये चार मराठी माणसं जमली की आधी एसीच्या बिलावर बोलतात आणि मग वादळात कोणाचं काय जळलं यावर. जळलेली वस्तू कचऱ्यात जाते, किस्सा मात्र घरातच राहतो. आमच्या गल्लीत सगळ्यात जास्त किस्से मंदाकाकूंकडे आहेत.

गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात त्यांच्या घराकडे येणारी एक वायर तुटली आणि निम्म्या सॉकेट्समध्ये जवळजवळ दुप्पट व्होल्टेज आलं. वीज कंपनीने वायर जोडून दिली, पण टीव्ही, राउटर, मायक्रोवेव्ह सगळं गार! जवळच्या केटी गावाहून लेकीचा, नेहाचा, फोन आला. "आई, enough! तू एकटी राहू शकत नाहीस. संडेला सीनियर होमची टूर बुक केलीये."

काकू म्हणाल्या, "टीव्ही बंद पडलाय गं. मी नाही!"

आणि त्यांनी कांबळेकाकांना बोलावलं.

*

कांबळेकाका नागपूरचे, आयुष्य सबस्टेशनमध्ये गेलेलं. "जय भीम! पेशंट कुठाय?" म्हणतच आत आले.

मी शेजारी, सॉफ्टवेअरवाला. मी आपलं सुचवलं, "काका, टीव्ही रिस्टार्ट करून बघूया?"

"अरे, मेलेल्याला झोप झाली का विचारतोस?"

पण टीव्ही मेलाच नव्हता. जादा व्होल्टेज अडवणारी मधली सर्जची पट्टी तेवढी जळली होती. दुसऱ्या सॉकेटला लावल्याबरोबर सीरियलमधली सासू केवढ्यांदा ओरडली! काकूंनी लगेच नेहाला मेसेज टाकला, "एक जिवंत."

*

राउटरचा अडॅप्टर मात्र खरंच गेला होता. काकांनी घरून एक खोकं आणलं. त्यात जुने अडॅप्टर, एकाचाही मालक माहीत नाही. कांबळेकाकू ते कित्येक वर्षं फेकायला सांगत होत्या. व्होल्टेज वाचत, पिन लावून बघत अखेर एक बरोबर बसला. काकांनी विजयी मुद्रेने बायकोला फोन लावला, "बघ, लागला की नाही उपयोगी?"

"छान! आता बाकीचे टाका."

*

नंतर मिक्सर. मंदाकाकूंनी पुण्याहून आणलेला, इथल्या निम्म्या व्होल्टेजवर कायम पेंगत चालणारा. वायर तुटली तेव्हा त्यात लसणाची चटणी फिरत होती. काका म्हणाले, "हा तर गेलाच असणार."

"गेला कुठला! पहिल्यांदा पुण्यासारखा पळाला!"

नेहा फोनवर वैतागली, "आई, it was a disaster!"

"हो गं. पण चटणी किती बारीक झालीये, खाऊन तरी बघ!"

*

मायक्रोवेव्हपाशी मात्र काकांनी हात वर केले. "प्लग काढला तरी याच्या आत वीज दबा धरून बसते. हा उघडायचा नाही."

काकू हट्ट करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो मुकाट्याने बाहेर ठेवायला सांगितला.

"एवढ्या लवकर ऐकलंत?" मी विचारलं.

"हट्ट घरासाठी राखून ठेवलाय. या घरात मी माझ्या मर्जीने उठते, बसते. ते मी कोणाला देणार नाही."

मला नेहाचा राग आला, आणि ती काळजीपोटीच हे करतेय हेही कळत होतं.

*

शनिवारी केटीत वादळ झालं. रविवारी काकू नवी साडी नेसून, हाताची घडी घालून बसल्या होत्या. "टूरला येते, पण नाही म्हणायला!" मी आणि कांबळेकाका धीर द्यायला होतो.

नेहाचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला.

"आई, टूर कॅन्सल. सर्जमध्ये गराज ओपनर गेला, दार उघडतच नाही! कार आत अडकलीये आणि टेक्निशियन मंडेपर्यंत येत नाही."

"वर बघ. लाल दोरी लोंबतेय?"

"...हो."

"दार पूर्ण खाली आहे ना? मग ओढ, दार मोटरपासून सुटेल. आता दोन्ही हातांनी दार वर उचल."

दाराचा खडखडाट आम्हालाही ऐकू आला.

"आई... टीव्ही पण गेलाय. तू येशील? मी घ्यायला येते."

काकू उठल्या. कांबळेकाकांच्या हातातला टेस्टर घेऊन त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"येते. पण राहायला नाही हं, रिपेअरला!"