बांधावरची शांतिसेना

आमचे हे, म्हणजे कारभारी, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले आणि चांदवडजवळच्या आमच्या गावात परतले ते निळी टोपी घेऊनच. आफ्रिकेतल्या एका देशात आंतरराष्ट्रीय शांतिसेनेत वर्षभर होते ना! तेव्हापासून शांतिसेना कशी सुधारायची, हे गावात ज्याला ऐकायचं नाही त्यालासुद्धा पाठ झालंय. टपरीवर सांगतात, कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरवर बसून सांगतात. "वस्ती जळत होती आणि आम्ही बंदुका धरून बघत होतो. मध्ये पडायचा हुकूम नव्हता. जो जागेवर उभा आहे, त्याला ठरवायचा अधिकार पाहिजे." हे सांगताना यांच्या हातातला चहा गार होतो, तेवढं मात्र खरं.

यंदा लंकाबाई आमच्याकडे आली. शेजारच्या मळ्यातली, नवरा वारलेला. तिची आणि दीर मल्हारीची विहीर सामाईक, मोटार एकच. एक दिवस पाळी तिची, एक दिवस त्याची. पण तिच्या पाळीलाही मल्हारी पाइपाचा कॉक आपल्याच वावराकडे फिरवायचा. इकडं हिचा कांदा ऐन पोसायला आलेला.

"माझे भाऊ यायला तयार हायेत," ती म्हणाली.

"त्यांना कशाला बोलावता? भांडण वाढेल. मी उभा राहतो."

बाईला केवढा धीर आला. तिने भावांना फोन करून नको म्हणून कळवलं.

झालं. तिच्या पाळीला हे इस्त्रीचे कपडे, वर निळी टोपी घालून बांधावर हजर. मल्हारी यायचा, यांना रामराम घालायचा आणि यांच्या डोळ्यांदेखत कॉक फिरवायचा. हे दोघांनाही शांतता राखायला सांगायचे. एकदा मी डबा घेऊन गेले आणि माझं डोकंच फिरलं.

"अहो, कॉक तुमच्या पायाशी आहे. फिरवा की."

"मला एका बाजूचं होऊन चालत नाही, सविता. पंचायतीने सांगितलं तर बघू."

"मग आफ्रिकेचं कशाला सांगत फिरता?"

"ते वेगळं."

आता या माणसापुढं काय कपाळ फोडून घ्यायचं! मी डबा तिथंच ठेवला आणि घरी आले.

पाण्यावाचून कांद्याची पात सुकली तेव्हा लंकाबाई दारात आली. रडली नाही की भांडली नाही. "कारभारी भाऊ, तुम्ही नसता उभे राहिले तर बरं झालं असतं. माझे भाऊ तरी आले असते. तुम्ही हाय, आज ना उद्या त्याला अडवाल, म्हणून मी वाट बघत बसले."

हे जेवले नाहीत. ताट तसंच सरकवलं आणि म्हणाले, "तिकडं पण एक बाई हेच म्हणाली होती." एवढ्या वर्षांच्या संसारात हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग येईना, वाईटच वाटलं.

पुढच्या पाळीला हे टोपी न घालताच गेले आणि कॉकवर हात ठेवून मांडी ठोकून बसले. मल्हारी आला, त्यानं बघितलं आणि आल्या वाटेनं परत गेला. लाइट होती तोवर पाणी चाललं. लंकाबाईनं सगळे वाफे भरून घेतले. कांदा तोवर वाळला होता.